पावती की हुंडी?

गेन्सव्हिल गावात फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमबाहेर ब्राँझचे तीन पुतळे आहेत. स्टीव्ह स्परियर, डॅनी वर्फल आणि टिम टीबो. तिघेही क्वार्टरबॅक. तिघांनीही कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मानाचा पुरस्कार, हाइझमन ट्रॉफी, मिळवलेला. स्परियरने 1966 साली, वर्फलने 1996 साली, टीबोने 2007 साली. 2011 च्या एप्रिलमध्ये तिन्ही पुतळ्यांचं अनावरण एकाच दिवशी झालं. तिघांत आणखी एक साम्य आहे, ते चौथऱ्यांवर कोरलेलं नाही. विद्यापीठ सोडून एनएफएलमध्ये, म्हणजे पगारी फुटबॉलमध्ये, गेल्यावर तिघांपैकी एकाचाही क्वार्टरबॅक म्हणून जम बसला नाही. स्परियर सॅन फ्रान्सिस्कोत बरीच वर्षं दुसऱ्याच्या मागे बाकावर बसला आणि 1976 साली टँपा बेच्या नव्याकोऱ्या संघाकडून खेळला, तेव्हा तो संघ चौदापैकी चौदा सामने हरला. वर्फल सहा मोसम या संघातून त्या संघात फिरला आणि मग न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत सेवाकार्याला लागला. टीबोने एक अचाट मोसम गाजवला आणि पाठोपाठ त्याच्यापुढे एकेक दार बंद होत गेलं.

पहिल्या दोघांवरून या गावात कुणी आवाज चढवत नाही. स्परियर पुढे इथेच प्रशिक्षक होऊन परतला, स्टेडियमला ‘स्वॅम्प’, म्हणजे दलदल, हे नाव त्यानेच चिकटवलं. त्याच्याविषयी बोलताना म्हातारे लोक हसतात. वर्फलविषयी बोलताना आवाज मऊ होतो. टीबोचं नाव निघालं की मात्र अंगणातल्या शेगडीवरचं मांस करपेपर्यंत वाद चालतो. तिघांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच, मग वाद एकाचाच का, हा प्रश्न मला इथे राहायला आल्यापासून पडलेला आहे.

मी या खेळाकडे उशिरा आले. संसार घेऊन विद्यापीठाच्या गावात राहायला आलेल्या मराठी बाईला सप्टेंबर ते नोव्हेंबरचे शनिवार आधी वाहतुकीमुळे कळतात. सकाळपासून रस्ते नारिंगी-निळे होतात. ओक झाडांवरून लोंबणाऱ्या राखाडी शेवाळाखाली तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या मांडल्या जातात. शुक्रवारपर्यंत अदबीने बोलणारे प्राध्यापक दोन्ही हात लांब करून सुसरीच्या जबड्यासारखे उघडमीट करू लागतात. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. स्परियर खेळत होता तेव्हा ते इथे विद्यार्थी होते. त्यांची मुलगी टीबोच्या वर्षांत इथे शिकली. ती जॅक्सनव्हिलहून सामन्याला येते आणि बापलेकीत जो वाद होतो, तो ऐकत ऐकत मी हा खेळ शिकले. त्यामुळे नियम आणि भांडण माझ्या डोक्यात एकदमच शिरले आहेत.

अमेरिकन फुटबॉल पायांनी कमी आणि हातांनी जास्त खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. असं करत टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर चालून येत असतात. निर्णय त्याचा, म्हणून नाव त्याचं आणि बोलही त्यालाच.

टीबोचा जन्म 1987 चा, फिलिपिन्समधला. आईवडील बॅप्टिस्ट मिशनरी. शाळा घरीच झाली. पण घरी शिकणाऱ्या मुलांना जवळच्या सरकारी शाळेच्या संघात खेळू देणारा कायदा फ्लोरिडात होता, म्हणून तो शाळेच्या वर्गात न बसता शाळेच्या संघात खेळला. 2006 साली फ्लोरिडा विद्यापीठात आला तेव्हा संघाचा मुख्य क्वार्टरबॅक क्रिस लीक होता. लीक शांत, हलक्या अंगाचा, चेंडू सुरेख फेकणारा. एखाद-दोन यार्डांसाठी धडक मारायची वेळ आली की त्याला बाजूला घेऊन या धिप्पाड पोराला उतरवत आणि स्टेडियम उसळे. त्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद फ्लोरिडाने जिंकलं. 8 जानेवारी 2007 च्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला 41-14 असं हरवलं.

पुढचं वर्ष टीबोचं. 32 टचडाउन फेकून आणि 23 धावून. एकाच मोसमात दोन्ही प्रकारची वीस-वीस टचडाउन त्याआधी या पातळीवर कुणी केली नव्हती. हाइझमन ट्रॉफी 1935 पासून दिली जात होती आणि दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाला ती पहिल्यांदाच मिळाली. पण इथल्या लोकांना विचारलं तर ते त्या वर्षाविषयी थोडकं बोलतात आणि 27 सप्टेंबर 2008 वर येतात. त्या दिवशी मिसिसिपी विद्यापीठाने फ्लोरिडाला गेन्सव्हिलमध्येच 31-30 असं हरवलं. शेवटच्या मिनिटांत चौथा प्रयत्न होता, एक यार्ड हवा होता, चेंडू टीबोने स्वतः घेतला आणि तो अडवला गेला. सामन्यानंतर पत्रकारांपुढे येऊन त्याने चाहत्यांची माफी मागितली आणि वचन दिलं. साऱ्या देशात या मोसमात माझ्याइतकी जीव तोडून मेहनत करणारा खेळाडू तुम्हाला दिसणार नाही आणि स्वतःच्या संघाकडून इतकी मेहनत करून घेणाराही दिसणार नाही, असा त्याचा आशय. डोळे भरलेले, आवाज घोगरा. नंतरचे दहाही सामने फ्लोरिडाने जिंकले. 8 जानेवारी 2009 ला ओक्लाहोमाला 24-14 असं हरवून पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्या भाषणाची पाटी स्टेडियमला लागली. बोलणारा मुलगा तेव्हा अजून तिथेच शिकत होता.

भांडणाचं मूळ या पाटीत आहे असं माझं मत आहे, पण तिकडे जाण्याआधी आणखी एक आकडा. 2008 च्या हाइझमनसाठी नऊशेहून जास्त मतं पडली. मतदार पत्रकार आणि जुने विजेते. प्रत्येकाने पहिला, दुसरा, तिसरा अशी तीन नावं द्यायची, त्यांना तीन, दोन, एक असे गुण. पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं टीबोला होती, 309. ओक्लाहोमाच्या सॅम ब्रॅडफर्डला 300, टेक्सासच्या कोल्ट मकॉयला 266. तरीही गुणांची बेरीज झाली तेव्हा ब्रॅडफर्ड पहिला, मकॉय दुसरा आणि टीबो तिसरा. ज्यांना तो सर्वश्रेष्ठ वाटला त्यांना तसाच वाटला. उरलेल्यांपैकी पुष्कळांनी त्याला दुसरं-तिसरं स्थानही दिलं नाही. तो एकवीस वर्षांचा होता, पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि लोक तेव्हाच दोन टोकांना जाऊन बसले होते.

म्हणजे वादाचं खापर एनएफएलवर फोडता येत नाही. तिथे जे झालं त्याने वादाला फक्त आकडे पुरवले. डेन्व्हरने त्याला 2010 साली पहिल्या फेरीत, पंचविसाव्या क्रमांकावर निवडलं. 2011 च्या मोसमात संघ हरत सुटला तेव्हा त्याला मैदानात उतरवलं. ऑक्टोबरात मायामीत तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना संघ 0-15 ने मागे होता. तो जादा वेळेत 18-15 ने जिंकला. असे सामने मग एकामागून एक होत गेले. तीन तास चेंडू इकडे तिकडे जायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत हा जिंकून द्यायचा. एका गुडघ्यावर बसून प्रार्थना करण्याची त्याची ढब शाळकरी पोरं गल्लीबोळांत करू लागली. 8 जानेवारी 2012 ला पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेच्या पहिल्याच चालीत त्याने डेमेरियस टॉमसला चेंडू दिला आणि टॉमस 80 यार्ड गेला. अकरा सेकंदांत सामना खलास. त्या दिवशी त्याने फेकून मिळवलेले यार्ड बरोबर 316 होते. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला त्याने डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर बायबलातल्या योहानाच्या तिसऱ्या अध्यायातल्या सोळाव्या ओवीचा क्रमांक लिहिला होता. श्रद्धाळूंना एवढं पुरे होतं.

त्याच मोसमात त्याने 271 चेंडू फेकले आणि झेलले गेले 126. निम्मेही नाहीत. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडने डेन्व्हरला 45-10 असं धुतलं. मार्चमध्ये डेन्व्हरने पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकला आणलं आणि टीबोला न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवलं. तिथे सबंध मोसमात त्याला आठ पास फेकायला मिळाले. त्यानंतर एनएफएलच्या साखळी सामन्यात तो कधीच दिसला नाही. न्यू इंग्लंडने त्याला सरावापुरतं ठेवून सोडलं, फिलाडेल्फियानेही तेच केलं.

आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं या ठिकाणी थांबतं. ‘‘त्याला चेंडू फेकता येत नव्हता,’’ ते म्हणतात, ‘‘आणि क्वार्टरबॅकचं काम चेंडू फेकणं. वर्फल फेकायचा. स्टीव्ह फेकायचा, वर मैदानात गोल मारून सामना जिंकून द्यायचा.’’ हा 1966 चा ऑबर्नविरुद्धचा सामना; स्परियरने 40 यार्डांवरून स्वतः किक मारून तो 30-27 असा जिंकला होता आणि ते स्टँडमध्ये होते. मुलगी म्हणते, ‘‘डॅड, तुझे दोघेही एनएफएलमध्ये चालले नाहीत. त्यांचं ते माफ, आणि याचं नाही?’’

तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं अर्धं उत्तर मैदानाच्या आखणीत आहे. मैदानाची रुंदी कॉलेजात आणि एनएफएलमध्ये सारखीच, 160 फूट. पण चाल कडेला संपली की चेंडू आतल्या आखणीपर्यंत आणून ठेवतात आणि या दोन आखण्यांमधलं अंतर कॉलेजात 40 फूट आहे, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. म्हणजे एनएफएलमध्ये प्रत्येक चाल जवळजवळ मधूनच सुरू होते. कॉलेजात ती बरीच कडेने सुरू होऊ शकते आणि दुसऱ्या बाजूला मोठं रान मोकळं राहतं. फ्लोरिडाचे प्रशिक्षक अर्बन मायर यांची सारी पद्धत या मोकळ्या रानावर उभी होती. खेळाडू रुंदीभर पांगवायचे, त्यामुळे बचाव करणाऱ्यांनाही पांगावं लागतं आणि मध्ये फटी पडतात. क्वार्टरबॅकने समोरच्या फळीच्या टोकाच्या एका माणसावर नजर ठेवायची. तो आत धावला तर चेंडू आपल्याकडेच ठेवून बाहेरून निघायचं; तो जागीच थांबला तर चेंडू शेजारच्याच्या पोटाशी द्यायचा. सहा फूट तीन इंचांच्या, एकशे आठ-नऊ किलोच्या, अंगावर घ्यायला न कचरणाऱ्या मुलाला याहून सोयीचा खेळ नाही.

एनएफएलमध्ये समोरच्या फळीतला टोकाचा माणूसही तितकाच चपळ असतो आणि फट क्षणभरच उघडते. तिथे चेंडू अशा ठिकाणी फेकावा लागतो जिथे झेलणारा अजून पोचलेला नसतो. टीबो डावखुरा, फेकण्याआधी तो चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन मोठा वळसा घेई. कॉलेजात त्या वळशाला वेळ होता. वर गेल्यावर तो मिळेना, आणि वर्षानुवर्षं घोटलेली फेक प्रशिक्षकांच्या हाताखाली बदलायला घेतली, तरी घाईच्या क्षणी हात जुन्या वाटेने जायचाच. मेहनत कमी पडली असं त्याचा शत्रूही म्हणत नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट लोकांना गिळता येत नाही. स्परियरने कुणाला मेहनतीचं वचन दिलं नव्हतं. त्याच्या खेळात एक उडाणटप्पू ऐट होती, तिचं पुढे काय झालं याची चौकशी करायला कुणी गेलं नाही. वर्फलनेही मोठा शब्द टाकला नव्हता. टीबोने टाकला. आणि पाटीवरचा मजकूर नीट वाचला तर लक्षात येतं की त्याने जिंकण्याचं वचन दिलेलंच नव्हतं. वचन मेहनतीचं होतं. जिंकणं मागून आलं, इतकं लगोलग आलं की दोहोंतला सांधा दिसेनासा झाला. एक मुलगा म्हणाला मी मरमर मरेन, आणि साडेतीन महिन्यांत सगळं त्याच्या पायाशी आलं. लहानपणापासून घराघरांत जे सांगितलं जातं, त्याचा इतका झणझणीत पुरावा कुणालाही वरचेवर मिळत नाही. डेन्व्हर आणि न्यू यॉर्कने तो पुरावा फेटाळला. म्हणून मुलगी एनएफएलच्या प्रशिक्षकांना दोष देते, वडील त्याच्या हाताच्या वळशाला दोष देतात, आणि कष्ट आणि फळ यांचं नातं आपण समजतो तेवढं पक्कं नाही, हे म्हणायला दोघेही तयार नसतात.

माझ्या माहेरी पेढीवरच्या जुन्या कागदांत हुंड्या होत्या. एका गावी रक्कम भरायची आणि कागद दुसऱ्या गावी दाखवून पैसे घ्यायचे. तिथल्या पेढीने ती सकारली तर ठीक, नाहीतर कोरा कागद. पावतीचं तसं नसतं. ती झालेल्या देण्याघेण्याची खूण, तिला पुढच्या गावच्या पेढीची मान्यता लागत नाही. हाइझमन ट्रॉफी ही पावती आहे. एका मोसमात एका मुलाने काय केलं, त्याची. चाहते मात्र तिला हुंडी समजतात, आणि एनएफएलच्या पेढीने ती परत पाठवली की मूळ रक्कमच खोटी होती का, अशी शंका काढत बसतात.

पूर्वी असं नव्हतं. पहिली ट्रॉफी 1935 साली शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला मिळाली. एनएफएलच्या पहिल्यावहिल्या निवडीत, 1936 साली, पहिलं नाव त्याचंच निघालं. पैशाचं जमलं नाही आणि तो पगारी फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही, उद्योगधंद्याला लागला. त्याची ट्रॉफी बरीच वर्षं नात्यातल्या एका बाईंच्या घरी दार उघडं राहावं म्हणून टेकण लावायला होती. त्याच्या विद्यापीठाने तर 1939 नंतर फुटबॉलचा संघच बंद केला. एवढं होऊनही बरवँगर वाया गेला असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. तेव्हा पगारी फुटबॉल ही दुय्यम गोष्ट होती, कॉलेजचा खेळ हाच खरा खेळ होता. पुढे दूरचित्रवाणी आली, एनएफएलकडे अफाट पैसा आला, आणि कॉलेजचं मैदान परीक्षेआधीच्या सरावाचं मैदान ठरलं. 2003 साली ओक्लाहोमाच्या जेसन व्हाइटला हाइझमन मिळाली. मोडलेल्या गुडघ्यांमुळे एनएफएलच्या निवडीत त्याचं नावच निघालं नाही. त्या पुरस्काराविषयी लोक आता चुकचुकत बोलतात, जणू पुरस्कारानेच फसवलं.

कॉलेजच्या कारकिर्दीत एक गोष्ट आहे जी पगारी खेळात नाही. चार मोसम झाले की तुम्ही कितीही चांगले असा, घरी जायचं. पगारी खेळाडूला कुणीतरी एक दिवस ‘आता पुरे’ असं सांगतं, मग तो कितीही मोठा असो. टीबो फ्लोरिडातून गेला तो कुणी नको म्हटलं म्हणून नव्हे, त्याची वर्षं भरली म्हणून. खरं तर तिसऱ्या वर्षानंतरच तो जाऊ शकत होता. दुसरं विजेतेपद मिळाल्यावर स्वॅम्पमधल्या सोहळ्यात त्याने जाहीर केलं की आपण आणखी एक वर्ष राहणार. ते वर्ष संपताना अलाबामाने फ्लोरिडाला 32-13 असं हरवलं आणि तो बाकावर बसून रडला, ते साऱ्या देशाने पाहिलं. शेवटच्या सामन्यात, 1 जानेवारी 2010 ला, त्याने सिनसिनाटीविरुद्ध 482 यार्ड फेकून मिळवले. फेकता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा एक आकडा शेजाऱ्यांची मुलगी खिशात घेऊनच फिरते.

त्याच्या मागे लागलेल्या वादांत धर्माचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2010 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, तो आणि त्याची आई एका गर्भपातविरोधी संघटनेच्या जाहिरातीत दिसले. त्याच्या वेळी डॉक्टरांचा सल्ला न मानता तिने बाळ ठेवलं, ही तिची कहाणी. अर्ध्या देशाला ते भावलं, अर्ध्याला खुपलं. पट्ट्यांवर मजकूर लिहायला कॉलेज फुटबॉलने त्याच वर्षी बंदी घातली. मी ना त्याच्या धर्माची ना त्याच्या राजकारणाची. तरी त्याची संस्था विशेष गरजा असलेल्या मुलामुलींसाठी 2015 पासून दरवर्षी नाचगाण्याची, नटण्यासजण्याची एक रात्र चर्चाचर्चांतून भरवते, तिथे सेवेला गेलेल्या बाया मला ओळखीच्या आहेत. त्यांच्यापुढे कुणी 126 आणि 271 चा हिशेब मांडत नाही.

दुसऱ्या बाजूला या झळाळीच्या सावलीत काय होतं, तेही सांगायला हवं. मायर यांच्या त्या संघांतल्या खेळाडूंच्या अटकेच्या बातम्या वरचेवर येत. टीबोचा सहकारी एरन हर्नांडेझ पुढे खुनाच्या आरोपात दोषी ठरला आणि 2017 साली तुरुंगात मेला. टीबोने यातलं काही केलं नाही. पण त्याचा स्वच्छ चेहरा सगळ्या संघाला पुरला, आणि विद्यापीठालाही, प्रशिक्षकांनाही, स्टँडमध्ये बसून ओरडणाऱ्या नव्वद हजारांनाही. वारसा म्हणून एकाच माणसाचा हिशेब मांडायचा तर या पुरवण्या कुणाच्या खात्यावर लिहायच्या?

2016 साली टीबो बेसबॉलकडे वळला. शिकाऊ संघाकडून खेळताना पहिल्याच चेंडूवर त्याने होमरन मारला आणि आमच्या गल्लीत फटाके तेवढे वाजायचे राहिले. मोठ्या साखळीपर्यंत तो पोचला नाही. 2021 साली मायर एनएफएलच्या जॅक्सनव्हिल संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा चौतिसाव्या वर्षी तो त्यांच्याकडे वेगळ्याच जागेवर खेळायला आला आणि ऑगस्टमध्ये त्याला सोडण्यात आलं. शेजारी म्हणाले, आता तरी थांबायचं होतं. मला उलट वाटतं. ज्याने मेहनतीचं वचन दिलं तो थांबण्यात तरबेज कसा असेल? त्याचा गुण आणि त्याचा दोष एकच आहे, आणि स्वॅम्पमध्ये तो गुण ठरला कारण तिथे मैदान मोकळं होतं, समोरची मुलंही वीस-बावीसची होती आणि वर्षं मोजकी होती. मेहनत पुरते, पण कुठे पुरावी हे मेहनत करणाऱ्याच्या हाती नसतं. पाटीवर एवढं जास्तीचं लिहिलं असतं तर भांडण निम्म्यावर आलं असतं, पण मग ती पाटी कुणी लावली नसती.

आताचा खेळ पालटला आहे. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. जो बरो, केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स या हाइझमन विजेत्यांनी पुरस्कार मिळवला तो दुसऱ्या विद्यापीठात जाऊन. टीबोच्या काळी त्याच्या 15 क्रमांकाचे शर्ट गावभर विकले जात आणि त्यातला छदाम त्याला मिळत नसे. तो अन्याय होता, आणि त्याच अन्यायाच्या जोरावर चाहते ‘आमचा’ म्हणायचे. पुढच्या पिढीतल्या विजेत्यावर कुठल्या गावाने हक्क सांगायचा, हा नवा वाद आहे आणि तो रंगेल तेव्हा पुतळ्यांच्या जागा ठरवताना विद्यापीठांची तारांबळ उडेल.

शेजाऱ्यांचं आणि त्यांच्या मुलीचं एकमत झालेलं मी ऐकलं ते क्रिस लीकवरून. 2007 च्या त्या अंतिम सामन्यात आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू लीक ठरला होता. टीबोच्या खात्यावर आपण पहिलं विजेतेपद लिहितो ते मुळात लीकचं. त्याला हाइझमन नाही, म्हणून पुतळा नाही. ‘‘पोराचं काहीतरी असायला हवं,’’ वडील म्हणाले. मुलीने मान डोलावली. मला वाटलं, चला, आज शेगडी वेळेवर विझणार. तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘‘पण 2006 साली लीकला बाहेर काढून टीबोला आणा, म्हणून स्टँडमधून कोण बोंबलत होतं?’’ ती म्हणाली, ‘‘सगळेच, डॅड. तूसुद्धा.’’ त्यांनी ते साफ नाकारलं आणि पुढचा तासभर तोच वाद चालला.